चैतालीचा मेलचा डबा

आमच्या म्हसरूळच्या गल्लीत चैताली देवरेला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ती नेमकं काय करते ते सांगू शकेल असाही नाही. कुणी म्हणतं, कॉम्प्युटर दुरुस्त करते. कुणी म्हणतं, नवऱ्याच्या द्राक्षांचा हिशोब बघते. कोपऱ्यावरच्या वकीलबाई तर सरळ "ती घरीच असते" म्हणून मोकळ्या होतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरी असते म्हणे! मी जन्मभर पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळली. कागद कुठून आला, कुठे गेला, मध्ये कुठे अडकला हे बघायला काय लागतं ते मला विचारा. चैताली तेच काम करते, फक्त तिच्याकडे कागद नसतो.

पोर मूळची सटाण्याची. वडिलांचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून तांब्याच्या तारा गुंडाळायला बसायची. आयटीआय केलं, सातपूरला एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या विभागात लागली. त्या कारखान्याने जुनी यंत्रं मोडीत काढली, तेव्हा त्यातलं एक हिने रिक्षात घालून घरी आणलं. सासूबाई कमळाबाई दारातच विचारत्या झाल्या, की लोक दिवाळीला मिक्सर आणतात, तू हे काय आणलंस? ते यंत्र देवघराच्या शेजारच्या फडताळात बसलं, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथेच होता. तेव्हापासून घरात त्याचं नाव डबा.

त्या डब्यावर तिने लिनक्स चढवलं. लिनक्स म्हणजे काय, तर ज्यावर कॉम्प्युटर चालतो ती व्यवस्था. पैसे मागत नाही, डोकं मात्र मागते. आणि त्यावर तिने घरच्या घरी टपाल कचेरी उभी केली. तुमचे-आमचे मेल कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या गोदामात पडलेले असतात. देवरेंचे मेल देवरेंच्या फडताळात येतात, आणि तिथूनच निघतात. "आपलं टपाल दुसऱ्याच्या घरात का म्हणून ठेवायचं मावशी?" असं ती मला विचारते. माझं सगळं टपाल दुसऱ्याच्याच घरात आहे.

हा नुसता हौसेचा मामला असता तर गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती. पण तिचा नवरा दिनेश दिंडोरी रस्त्याला द्राक्षांचं पॅकहाउस सांभाळतो, आणि त्या बागायतदारांच्या गटाचा सगळा परदेशी पत्रव्यवहार याच डब्यातून चालतो. मागच्या हंगामात एका लबाडाने गटाच्या नावाशी मिळताजुळता पत्ता काढून द्राक्षं घेणाऱ्या हॉलंडच्या कंपनीला बनावट मेल धाडला, की आमचं बँक खातं बदललंय. तिथल्या आनेकेबाईंना वेळेवर शंका आली म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या कंपनीचा नियम झाला: गटाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून आलं तेच खरं, बाकी फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, दुसरा पत्ता तर नाहीच.

त्यानंतर गटाची बैठक झाली. अध्यक्ष जानोरीचे झुंबर नाना. माणूस लाखाचा, पण यंत्राचा जन्माचा वैरी. म्हणाले, घरातल्या डब्यावर एवढा कारभार नको, कंपनीला देऊन टाका. चैताली मागे सतरंजीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. म्हणाली, "नाना, मेल माझ्या जबाबदारीवर. गटाचा एक मेल जरी अडला, तर डबा मी माझ्या हाताने भंगारवाल्याला देईन." बैठकीत असं बोलून गेल्यावर परत फिरता येत नाही. दिनेशने त्या रात्री कपाळाला हात लावला होता म्हणे.

या वर्षीचा दसरा गुरुवारी आला. मी बहिणीकडे इगतपुरीला होते, म्हणून शुक्रवारी दुपारी आपट्याची पानं घेऊन देवरेंकडे गेले. दार उघडंच होतं. आत शिरले तर दिनेश येरझारा घालतोय, कमळाबाई देवघरापाशी वाती वळतायत, आणि चैताली लॅपटॉपसमोर, केसांना पेन खोचून. मी "सोनं घ्या" म्हटलं तर तिने न बघताच हात पुढे केला.

"काय झालं गं?"

"मेल जात नाहीयेत मावशी."

"म्हणजे बंद पडलं?"

"बंद नाही ना! येतायत. सगळे येतायत. आपले जात नाहीत."

माझ्या भाषेत आवक चालू, जावक बंद. आणि प्रकार असा होता. हॉलंडच्या कंपनीने गटाला पहिल्यांदाच अख्ख्या हंगामाचं काम देऊ केलं होतं. एरवी कुणाच्यातरी मागे लागून चार खोकी जायची, आता थेट गटाच्या नावावर कंटेनर जाणार होते. त्यांना फक्त होकार आणि कुठल्या बागा देणार त्याची माहिती शुक्रवारी त्यांचं ऑफिस सुटायच्या आत हवी होती, आणि शुक्रवारी ते लवकर, आपल्या संध्याकाळीच सुटतं. बुधवारी बैठकीत सगळं ठरलं, गुरुवारी रात्री चैतालीने मेल लिहून पाठवला आणि निवांत झोपली. शुक्रवारी दुपारी आनेकेबाईंचा मेल आला, की तुमचं काहीच उत्तर नाही, आम्ही वाट बघतोय. चैतालीने लगेच उत्तर लिहिलं. तेही गेलं नाही. थोड्या वेळाने बाईंचा आणखी एक मेल, जरा कोरडा: संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर ही जागा दुसऱ्या गटाला द्यावी लागेल.

म्हणजे पलीकडची बाई दार ठोठावतेय, आपल्याला ऐकू येतंय, आणि आपण आतून ओ दिली तर ती तिला पोचत नाही. माझाच जीव घाबरा झाला.

"अरे मग फोन कर की!" मी दिनेशवर ओरडले.

"केला मावशी. बाई म्हणाल्या, तुमचा आवाज मी ओळखते, पण नियम तो नियम. मेल पाठवा."

आता चैतालीचं काम बघा. मी तिथे खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाही. ती आरडाओरडा करत नाही, देवाला हाका मारत नाही. एकेक गोष्ट घेते आणि बाजूला ठेवते. आधी इंटरनेट बघितलं, ते ठीक. मग पासवर्ड, तोही ठीक. घरच्या जोडणीवरून थेट जगाला मेल धाडता येत नाहीत, म्हणून तिने मध्ये एक कंपनी धरलीय. डबा सगळे मेल त्या कंपनीकडे देतो आणि ती पुढे पोचवते, आपल्या पोस्टमनसारखी. तर डब्यात अडकलेल्या मेलांची रांग तिने उघडली. प्रत्येकाखाली एकच शेरा होता: समोरच्याचं प्रमाणपत्र पटलं नाही.

"म्हणजे काय?" मी.

"मेल हातात द्यायच्या आधी डबा पोस्टमनचं ओळखपत्र बघतो. मीच तसं सांगून ठेवलंय त्याला. त्या लबाडाच्या भानगडीनंतर आणखीच कडक केलं. ओळखपत्र पटलं नाही तर टपाल द्यायचं नाही."

"मग तो पोस्टमनच खोटा असेल!"

तिने त्या मधल्या कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड बोलत होता. ओळखपत्र ऑगस्टमध्येच नवं केलंय, सगळ्यांचे मेल जातायत, अडचण तुमच्याकडेच आहे मॅडम. मला तर हे उत्तर ऐकून खात्यातले साहेब आठवले. पण चैताली चिडली नाही. तिने लॅपटॉपवरून स्वतः ते ओळखपत्र तपासलं. खरंच ठीक होतं. त्याच घरात, त्याच तारेवर लॅपटॉपला पटतंय आणि डब्याला पटत नाही.

"कडकपणा काढून टाक ना तेवढ्यापुरता," दिनेश म्हणाला. "जाऊ दे एकदाचं."

"आणि उद्या कुणी खोटा पोस्टमन उभा राहिला तर? नाही. का पटत नाही ते कळल्याशिवाय मी दार उघडं टाकणार नाही."

हट्टी! पण खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला.

डबा आपण काय-काय केलं ते स्वतःशी लिहून ठेवतो. त्यात कारण सविस्तर असणार म्हणून तिने आजच्या तारखेच्या नोंदी मागितल्या. एकही नाही. कालच्या मागितल्या. काल दुपारनंतर काहीच नाही. "हे लिहायचंच थांबलंय की काय," असं पुटपुटत तिने नोंदी लिहिणारा भाग पुन्हा सुरू केला, आजच्या नोंदी परत मागितल्या. परत काही नाही. "कुणी डब्याला काही केलंय का?" तिने दिनेशला विचारलं. दिनेशने कानाला हात लावला. तो तर डब्याकडे बघायलाही घाबरतो.

इतक्यात बाहेर मोटारसायकल थांबली. झुंबर नाना. दिनेशने कळवलं असणार, किंवा कळवलं नसेल तरी बातमी जानोरीला पोचायला वेळ लागत नाही. नाना सोफ्यावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, तुझ्यावर राग नाय माझा. पण छाटण्या झाल्यात. पोरांनी या भरवशावर बागा धरल्यात. आता मी त्यांना काय सांगू, डबा रुसला म्हणून?"

"संध्याकाळपर्यंत थांबा नाना."

"संध्याकाळ झालीच की."

खरंच झाली होती. खिडकीतून रामशेजचा डोंगर काळा दिसायला लागला होता. चैतालीची मान खाली गेली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली, ते बैठकीतल्या एका वाक्याने भंगारात जाणार, आणि त्याच्याबरोबर लोकांचा हंगामही. नाना वाईट नव्हते हो. तेच तर अवघड होतं.

कमळाबाई दिवा लावायला उठल्या. दिवा लावला, हात जोडले, आणि शेजारच्या फडताळाकडे वळल्या. डब्यावर कालचा झेंडूचा हार होता, वर हळदीकुंकवाची बोटं. माहेरची-सासरची दोन्हीकडची शेतकरी बाई. देवळा तालुक्यातल्या त्यांच्या घरी दसऱ्याला नांगर, पाभर, विळे, फवारणीचा पंप, सगळ्यांची पूजा व्हायची, आणि पूजेला बसलेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला जुंपायचं नाही हा रिवाज. नाशकात आल्यावर नांगराच्या जागी दिनेशची गाडी, शिलाई मशीन, मिक्सर आणि डबा आले. पूजा तशीच राहिली.

"हार काढू का वं?" त्या सुनेला म्हणाल्या. "सुकाई गया."

"काढा आई."

हार उतरवता उतरवता त्या डब्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं व्हयनं, काल त्याले जरासा इसावा भेटना. सालभर राबस बिचारं."

चैतालीची बोटं थांबली.

"विसावा म्हणजे? आई, काल डबा बंद केला होता?"

"मंग! दसराले औतलेबी सुटी ऱ्हास. तू पॅकहाउसले गयी व्हती म्हनीसन मीच बंद करं. त्याले पुढे ते मोठं बटन शे ना, तेच दाबं. मंग प्लगबी काढा. दिवाबत्तीले परत लाई दिना. लाइट लागना ना सगळा!"

दरवर्षी चैताली घरीच असायची. आई, कुंकू लावा, हार घाला, पण बंद करू नका, असं म्हणत पूजेच्या वेळी फडताळासमोर उभी राहायची. यंदा नेमकी गटाची कागदपत्रं घ्यायला ती पॅकहाउसला गेली होती. संध्याकाळी परत आली तर डबा चालू, दिवे लागलेले, मेल येतायत. कशाला शंका येईल? आणि कमळाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

"बंद केला म्हणून काय बिघडलं?" दिनेश म्हणाला. "परत चालू झालाय की."

चैताली त्याच्याकडे बघतही नव्हती. ती अडकलेल्या मेलांच्या रांगेकडे बघत होती. मग तिने चार अक्षरं टाइप केली, डब्याला नुसतं विचारलं, की बाबा, आज तारीख काय? डब्याने उत्तर दिलं. मी चष्मा सावरून वाचलं: दोन जानेवारी, सन २०१२.

एक क्षण कुणाला काही कळेना. मग चैताली खुर्चीतून उठली आणि ओरडली, "सापडनं! आई, सापडनं!" मी त्या पोरीच्या तोंडून तिची माहेरची अहिराणी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच ऐकली.

प्रकार साधा होता. अशा यंत्रात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी आतलं घड्याळ तो चालू ठेवतो. तो सेल कधीचाच मेला होता, पण इन्व्हर्टरमुळे डबा कधी बंदच पडला नाही, तर कळणार कुणाला? काल प्लग निघाला आणि डबा आपलं सगळं आयुष्य विसरून जन्मतारखेपाशी जाऊन बसला. तिथून बघितलं तर पोस्टमनचं ओळखपत्र या ऑगस्टपासूनचं. डब्याच्या मते ते अजून छापलंच गेलं नव्हतं! तो कसा पटवून घेणार? आणि आजच्या नोंदी सापडत नव्हत्या, कारण तो इमानदारीत सगळं जानेवारीत लिहीत होता. रांगेतल्या प्रत्येक मेलसमोरही जानेवारीच होता. दुपारपासून आम्ही सगळे तो बघत होतो, पण तारखेकडे कोण बघतं?

"पण ते आपोआप वेळ लावून घेतं म्हणालेली ना तू?" दिनेशने विचारलं.

"पाच-दहा मिनिटांचा फरक असला तर लावून घेतं. एवढा फरक दिसला की घाबरून काम सोडून देतं."

"सरकारी दिसतंय," मी म्हणाले. त्यावर नानासुद्धा हसले.

चैतालीने डब्याला आजची तारीख सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली. मग रांगेतल्या सगळ्या मेलांना पुन्हा निघायचा हुकूम दिला. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. पटलं. पटलं. गेलं. गेलं. रांग बघितली तर रिकामी. दिनेशने टाळी वाजवली, चैतालीने बोट वर करून त्याला गप्प केलं.

"गेलं म्हणजे पोचलं नाही. थांबा."

मग ते थांबणं! नानांनी टोपी घातली, काढली, परत घातली. कमळाबाई हातात सुकलेला हार घेऊन तशाच उभ्या. त्यांचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाल्या, "मन्ही चूक शे का वं?"

चैताली उत्तर देणार, तेवढ्यात लॅपटॉप टुणकन वाजला. आनेकेबाई. तिने मोठ्याने वाचलं, आणि लगेच मराठीत सांगितलं: सगळे मेल एकदमच मिळाले, बागांची माहिती मिळाली, हंगाम तुमच्या गटाला दिला आहे. सोमवारी पुढचं बोलू.

"दिला?" नाना उठून उभे राहिले.

"दिला नाना. अख्खा हंगाम."

मग काय विचारता! दिनेश फोनवर फोन लावत सुटला, पलीकडून पोरांचा गलका आम्हाला इथे ऐकू येत होता. मी कमळाबाईंना मिठीच मारली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. बासष्टीची बाई आहे मी, मला कुणाची भीती? चैताली मात्र तशीच फडताळासमोर गेली. डबा रीतसर बंद करून उघडला, नखाने तो मेलेला सेल काढला आणि नवऱ्यापुढे हात पसरला.

"गाडीची किल्ली द्या."

"कुठे निघालीस आता?"

"कुठे नाही. तुमच्या रिमोटमध्ये हाच सेल असतो."

दिनेशची गाडी त्या रात्री हाताने कुलूप लावून उभी राहिली. डबा चालू केला तेव्हा त्याने विचारल्याबरोबर बिनचूक आजची तारीख सांगितली. तिने त्याला मुद्दाम आणखी दोनदा बंद करून चालू केलं. दोन्ही वेळा बरोबर.

मग ती कमळाबाईंकडे वळली. "आई, तुमची चूक नाही. हा सेल गेलेलाच होता. हा डबा फेब्रुवारीत बंद पडला असता, कंटेनर बंदरात उभे असताना, तर मी काय केलं असतं? मी त्याला कधी बंदच करू दिलं नाही, म्हणून मला कळलं नाही. तुम्ही एक दिवस सुट्टी दिलीत म्हणून कळलं. इथून पुढे दर दसऱ्याला बंद करायचा. तुमच्याच हाताने. फक्त चालू करताना मी शेजारी असेन."

कमळाबाईंनी सुनेकडे बघितलं, मग डब्याकडे. आणि एकदम ठसक्यात म्हणाल्या, "मंग मी काय सांगस इतला सालथून? राबनाऱ्याले एक दिन सुटी पाहिजे!"

झुंबर नाना निघाले. दारापर्यंत गेले आणि परत आत आले. टेबलावर मी आणलेली आपट्याची पानं पडली होती. त्यातलं एक उचललं, फडताळापाशी गेले, जरा घुटमळले. आयुष्यात यंत्राला हात न लावलेला माणूस तो. त्यांनी ते पान डब्यावर ठेवलं, कुंकवाच्या बोटांशेजारी, आणि चैतालीकडे वळून म्हणाले:

"पोरी, भंगारवाल्याचं तेवढं मनातून काढून टाक. पुढल्या दसऱ्याला गट सगळा इथं पूजेला येतो. नारळ माझा."